जांभ्याच्या मुलखातील तरणतलाव : प्रस्तावना

पेडण्यातले हळर्ण बाहेरच्या जगाला माहीत आहे ते शापोरा नदीकाठच्या किल्ल्यामुळे. १७४६ साली तो जिंकणाऱ्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने पुढे याच गावाच्या नावाची सरदारकी मिरवली. आपल्या विषयाला किल्ल्याशी कर्तव्य नाही, पण तो ज्या जांभ्या दगडात उभा आहे त्या दगडाशी मात्र आहे. पेडण्याच्या मोरजी, मांद्रे, हरमल या किनारी गावांत घरगुती तरणतलाव आधी आले. मोपाच्या विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली आणि बांधकामाची नजर आतल्या गावांकडेही वळली. या तलावांची देखभाल करणारी बहुतेक मुले इथलीच. क्लोरीनच्या डब्यावर मागच्या बाजूला जे छापलेले असते, तेवढ्यावरच त्यांचे शिक्षण सुरू होते आणि संपते. हा विषय त्यांच्यासाठी आहे. तो दिसतो त्याहून खोल आहे, आणि रसायनशास्त्राची भीती बाळगणाऱ्यालाही जमेल असा आहे.

सुरुवात पाण्यापासून करू. जांभा म्हणजे हजारो पावसाळ्यांनी धुऊन काढलेला खडक. त्यातला चुना निघून गेला, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले. म्हणून इथल्या विहिरीचे पाणी मऊ आणि किंचित आम्ल असते. पीएच साडेसहाच्या खाली असणे नवलाचे नाही. कॅल्शियम नावापुरते आणि कधीकधी लोह भरपूर. या विषयावरची पुस्तके मात्र बहुतांशी अमेरिकेत लिहिलेली. तिथल्या कोरड्या, उन्हाळी प्रांतांत पाणी जड असते, ते सतत उडून जाते आणि टाइल्सवर पांढरे थर साचतात. विल्फ्रेड लँगेलिअरने १९३६ साली पाण्याच्या समतोलाचे सूत्र मांडले ते शहरांच्या नळांसाठी. तलाववाल्यांनी ते पुढे उचलले आणि मुख्यतः थरांच्या भीतीने वापरले. आपल्याकडे तेच सूत्र उलट्या दिशेने वाचावे लागते. इथले पाणी चुन्याचे भुकेले असते. तुम्ही त्याला कॅल्शियम दिले नाही तर ते टाइल्सच्या सांध्यांतून स्वतःच काढून घेते. खायचा सोडा टाकून क्षारता ८० पीपीएमच्या आसपास आणणे आणि कॅल्शियम क्लोराइड घालणे ही इथली पहिली कामे, क्लोरीन त्यानंतर.

लोहाचे तर नाटकच होते. स्वच्छ दिसणाऱ्या विहिरीच्या पाण्यात क्लोरीन पडला की तासाभरात तलाव कोऱ्या चहाच्या रंगाचा होतो. मालक घाबरतो आणि कामगार आणखी क्लोरीन ओततो. खरे तर विरघळलेले लोह गंजून बाहेर आलेले असते. त्याला तुरटीने तळाशी बसवायचे आणि ते गाळणीतून न फिरवता थेट बाहेर खेचायचे. तुरटीने पीएच उतरतो, तेव्हा ती टाकल्यावर मापन पुन्हा करायचे.

आता क्लोरीन. पाण्यात त्याची दोन रूपे असतात, आणि जंतू व शेवाळ मारते ते मुख्यतः हायपोक्लोरस आम्ल. पीएच ७.२ असताना सुमारे दोन तृतीयांश क्लोरीन या रूपात असतो, ८ ला जेमतेम पाव. हे सगळ्या पुस्तकांत असते. पण उघड्यावरच्या तलावात उन्हापासून बचाव म्हणून सायन्युरिक आम्ल असते, ज्याला बाजारात स्टॅबिलायझर म्हणतात. त्याच्याशिवाय भर उन्हात निम्मा क्लोरीन तासाभराच्या आत उडतो. ते असले की बराचसा क्लोरीन त्याच्याशी बांधला जातो. १९७४ मध्ये ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी या बांधणीचे गणित मांडले. त्यामुळे पीएचचा परिणाम पुस्तकी आकड्यांपेक्षा बराच सौम्य होतो आणि स्टॅबिलायझरचा फार मोठा. बांधलेला क्लोरीन मुदतठेवीसारखा असतो, पासबुकात दिसतो पण वेळेला हातात येत नाही.

एक हिशेब करून पाहू. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सरासरी १.४ मीटर खोल तलावात सुमारे ४५ हजार लिटर पाणी मावते. रोज दोन पीपीएम क्लोरीन खर्च होतो असे धरले, तर ट्रायक्लोरच्या गोळ्या दहा दिवसांत साधारण एक किलो लागतात. या गोळ्यांत स्टॅबिलायझरही असतो, म्हणून एका किलोबरोबर त्याचे १२ पीपीएम पाण्यात उतरतात, आणि तो ना उन्हाने जातो ना गाळणीने. म्हणजे महिन्याला ३५च्या वर. ऑक्टोबरात सुरुवात केली तर फेब्रुवारीत १४०. शेवाळ रोखायला मुक्त क्लोरीन स्टॅबिलायझरच्या सुमारे साडेसात टक्के हवा. १४० ला तो १० पीपीएमच्या पुढे जातो. क्लोरीन मोजायच्या किटवर ३ दिसते, कामगार समाधानाने झाकण लावतो, आणि आठवड्यात भिंती हिरव्या होतात. मग शेवाळनाशकाची बाटली विकत आणली जाते. माझ्या मते पेडण्यातल्या हिरव्या तलावांचे मूळ बहुधा शेवाळात नसते, त्या गोळीत असते.

परदेशी पुस्तके यावर अर्धा तलाव रिकामा करायला सांगतात. आपल्याकडे हे काम पाऊस फुकट करतो. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे तीन मीटर. हा तलावाच्या सरासरी खोलीच्या दुप्पट झाला. सांडव्यातून पाणी वाहू दिले, तर जूनमध्ये स्टॅबिलायझर १४० असल्यास गणेश चवथीपर्यंत वीसच्या आसपास उरतो. पण त्याच हिशेबाने क्षारता आणि कॅल्शियमही वाहून जातात. जे क्लोरीन गोळ्यांपुरते पाहतात त्यांना पावसाळा शत्रू वाटतो. माझ्या मते तो इथल्या तलावांच्या वर्षाचा खरा आरंभ आहे, आणि आपले वेळापत्रक त्याच्याभोवतीच बसवायला हवे.

शेवाळाबद्दल थोडक्यात. हिरवे वाढते झपाट्याने आणि हटतेही लवकर. पिवळे सावलीच्या भिंतीला धरते, ब्रशने उडते आणि परत बसते. काळे म्हणतात ते शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया, त्याला तारेच्या ब्रशने खरवडल्याशिवाय क्लोरीन लागू पडत नाही. मोरचूद कुळागरवाल्यांच्या ओळखीचे, कारण सुपारीच्या कोळेरोगावर बोर्डो मिश्रण फवारतात. तलावात मात्र ते टाळावे. तांबे डाग पाडते आणि पिकलेल्या केसांना हिरवी झाक देते.

दोन इशारे इथेच देऊन ठेवतो, पुढे ते तपशिलात येतात. नदीकाठच्या जमिनीत पावसाळ्यात भूजल वर येते. अशा वेळी रिकामा केलेला तलाव खालून उचलला जाऊन फुटू शकतो, म्हणून तो रिकामा ठेवू नये. आणि कॅल्शियम हायपोक्लोराइटचे माप ट्रायक्लोरच्या डब्यात कधीही घालू नये. हे मिश्रण पेट घेते. क्लोरीनच्या कुठल्याही पदार्थात आम्ल पडले तर विषारी वायू निघतो. आम्ल पाण्यात घालायचे, पाणी आम्लात नाही.

किटबद्दलही सांगून ठेवतो. किटमधल्या डीपीडी या रसायनाचा गुलाबी रंग क्लोरीन फार वाढला की नाहीसा होतो. तेव्हा रंग आला नाही म्हणजे क्लोरीन नाही असे समजून ओतत बसू नका. नमुन्यात तलावाचे एक माप आणि क्लोरीन नसलेल्या विहिरीच्या पाण्याची चार मापे घालून पुन्हा पाहा, आणि आलेल्या आकड्याला पाचने गुणा.

गोळ्यांचा डबा उघडण्याआधी एक वही करा. आपल्या विहिरीचा किंवा टँकरच्या पाण्याचा पीएच, क्षारता, कॅल्शियम आणि लोह तीत पहिल्या पानावर लिहा. स्टॅबिलायझर मे महिन्याच्या अखेरीस एकदा आणि चवथीनंतर एकदा मोजा. हळर्णच्या पाण्याला लागू पडतील असे आकडे कुठल्याही छापील पुस्तकात मिळणार नाहीत, ते तुमच्याच वहीत तयार होतील.