सेवेला हात किती?

मुंबईत 1834 साली पांजरापोळ सुरू झाली. त्याच्या दोन वर्षं आधी इंग्रज सरकारने रस्त्यावरची बेवारस कुत्री मारण्याचा सपाटा लावला होता, त्यावरून शहरात दंगलही झाली होती. मग सर जमशेटजी जीजीभाई आणि त्यांच्याबरोबरच्या पारशी, जैन, हिंदू व्यापाऱ्यांनी पैसा उभा केला आणि म्हाताऱ्या गाई, लंगडे घोडे, आंधळी कुत्री यांना हक्काची जागा मिळाली. गावोगावच्या पांजरापोळींना आपण आजही देणगी देतो. पर्युषणात पावती फाडतो. तिथे जनावर पोचवणाऱ्याला ‘लाज नाही वाटली का’ असं कुणी विचारत नाही.

माणसाच्या म्हातारपणाचा विषय निघाला की मात्र आपला आवाज खाली येतो. आपली क्रियापदंच बघा. मुलाला आपण बोर्डिंगात ‘घालतो’, मुलीला हॉस्टेलला ‘ठेवतो’ आणि आईला आश्रमात ‘टाकतो’. शब्द आधीच निकाल देऊन मोकळा होतो.

गेल्या वर्षी आमच्या आत्तींसाठी जागा बघायची वेळ आली तेव्हा हा शब्द मी पुष्कळदा ऐकला. आत्ती म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. वय शहाऐंशी. एकतिसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, मूलबाळ नाही, तेव्हापासून भावाच्या घरी. कमरेचं हाड मोडल्यापासून त्यांना उठवायला दोन माणसं लागतात. घरात दिवसा मी एकटी, आणि माझे स्वतःचे गुडघे सत्तावन्न वर्षांचे. नात्यातल्या एक बाई म्हणाल्या, “आपल्यात असलं कधी नव्हतं बाई.” मला वाद घालायचा नव्हता. पण वाक्य डोक्यात राहिलं. खरंच नव्हतं का? मग होतं तरी काय?

आधी एक साधी गोष्ट. म्हातारी माणसंच कमी होती. 1961 च्या जनगणनेत साठीच्या पुढचे लोक साधारण अडीच कोटी होते, 2011 च्या जनगणनेत ते दहा कोटींच्या वर गेले. हाड मोडलं, पक्षाघात झाला, की पूर्वी माणूस फार दिवस काढत नसे. आज औषधांनी, ऑपरेशनांनी तो पुढे दहा-दहा वर्षं जगतो. ही चांगलीच गोष्ट आहे, पण ही दहा वर्षं कुणी काढायची, हा प्रश्न आपल्या पणजीला एवढा मोठा पडलेला नव्हता.

दुसरी गोष्ट, आसऱ्याच्या जागा होत्याच. ज्यांना घर नव्हतं किंवा ज्या घराला नको होत्या, अशा विधवा काशीला गेल्या, वृंदावनाला गेल्या, पंढरपूरला राहिल्या. त्याला आपण वृद्धाश्रम म्हटलं नाही, तीर्थवास म्हटलं. शेजारच्या गोव्यात पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकातच ‘सांता काझा द मिझेरिकॉर्डिया’ ही दानसंस्था काढली होती; ती विधवा, अनाथ, आजारी अशांची व्यवस्था बघायची. तिथली ‘प्रोव्हेदोरिया’ ही पोर्तुगीज अमदानीतली संस्था तर आजही वृद्धांसाठी घरं चालवते. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून 1863 मध्ये निराधारांसाठी जागा झाली. तिचं जुनं नाव ‘अनाथ पंगू गृह’, आताचं नाव ‘निवारा’. नावातला हा बदल मला फार बोलका वाटतो. आधीचं नाव आत येणाऱ्या माणसात काय कमी आहे ते सांगायचं, आताचं नाव त्याला काय मिळणार ते सांगतं.

फ्रान्समधली एक हकीकत मला विशेष आवडते. 1839 च्या हिवाळ्यात जान ज्युगाँ नावाच्या एका गरीब, कष्टकरी बाईने एका आंधळ्या म्हातारीला आपल्या घरी आणलं, तिला स्वतःचा बिछाना दिला आणि आपण माळ्यावर झोपायला गेली. मग दुसरी म्हातारी आली, तिसरी आली, मदतीला आणखी बायका आल्या. त्यातून ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पूअर’ हा जोगिणींचा संघ झाला आणि 1882 मध्ये तो कलकत्त्यालाही आला. म्हणजे ज्याला आपण परक्यांची थंड पद्धत समजतो, तिची सुरुवात एका खोलीत, एका बिछान्यावर झाली. पण ध्यानात घ्या, मदतीला बायका आल्या म्हणून ते टिकलं. एकट्या ज्युगाँबाईंच्या पाठीवर ते चाललं नसतं.

आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी विधवांसाठी दारं उघडली. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन 1889 चं, अण्णासाहेब कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम 1896 चा. आपल्या समाजात मगनबाईंनी पुढच्या शतकाच्या सुरुवातीला श्राविकाश्रम उभा केला, सोलापुरात पंडिता सुमतीबाई शहांनी श्राविकाश्रमाचं काम वाढवलं. या सगळ्यांपुढे मुख्य प्रश्न होता तरुण विधवेचा. तिला शिकवायचं, पायावर उभं करायचं. तो त्या काळाचा तातडीचा प्रश्न होता आणि त्यांनी तो निभावला, म्हणून तर तुम्ही-आम्ही आज लिहितो-वाचतो. पण जी विधवा आश्रमात गेली नाही, घरातच राहिली, तिचं काय झालं? ती घरातली सेवेकरी झाली. आमच्या आत्तींनी आजेसासू, आई, भाऊ आणि भावजय अशी चार माणसं अंथरुणावरून पोचवली. ‘आपल्यात असलं कधी नव्हतं’ या वाक्याच्या मागे आत्ती उभ्या आहेत. वृद्धाश्रम नव्हता, कारण आत्ती होत्या.

मग मी शास्त्राकडे वळले, कारण शेवटी सगळे बोट तिकडेच दाखवतात. वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, ही आपल्याकडे सहा अंतरंग तपांपैकी एक. ज्यांची सेवा करायची त्या दहांमध्ये ‘ग्लान’ म्हणजे आजारी हा वेगळा सांगितलेला आहे. उद्दायन राजाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. देव कुष्ठी मुनीचं रूप घेऊन आला, जेवला आणि ओकला. राजाने आणि राणी प्रभावतीने किळस न करता त्याला धुतलं-पुसलं. निर्विचिकित्सा अंगाचं हे उदाहरण. मला त्यात आता दिसतं ते असं की सेवेचा नमुना म्हणून शास्त्राने नाव घेतलं ते एका राजाचं, पुरुषाचं. सुनेचं नाही.

त्याहून मोठी गोष्ट ‘भगवती आराधना’त सापडली. शिवार्यांचा हा प्राकृत ग्रंथ सल्लेखना घेतलेल्या क्षपकाबद्दल आहे. ते व्रत वेगळं, आमच्या आत्तींचं दुखणं वेगळं. त्यांची गल्लत मला करायची नाही. पण सेवेची व्यवस्था तिथे इतकी बारकाईने लावली आहे की वाचून मी थक्क झाले. क्षपकाच्या सेवेला अठ्ठेचाळीस निर्यापक मुनी सांगितले आहेत. चार-चारांच्या तुकड्या. चौघांनी त्याला उठवायचं, बसवायचं, कुशीवर वळवायचं. चौघांनी मलमूत्राची स्वच्छता बघायची. चौघांनी धर्मकथा सांगायची, चौघांनी रात्री जागायचं, चौघांनी दारावर थांबायचं. काळ कठीण असेल, एवढे मुनी नसतील, तर संख्या कमी करत आणायची. पण निदान दोघे हवेतच. एकट्याने हे काम घेऊ नये, कारण एकटा असला की एक तर तो स्वतःला विसरतो, नाही तर क्षपकाला.

मैत्रिणींनो, हे संसार सोडलेल्या, तपाने कसलेल्या मुनींबद्दल सांगितलं आहे. त्यांनाही एकट्याने झेपणार नाही, हे शास्त्रकारांना कळत होतं. आणि आपण स्वयंपाक, नातवंडं, पाहुणे, सणवार सांभाळून एका सुनेने ते एकटीने करावं असं धरून चाललो आणि त्याला परंपरा म्हटलं. परंपरा काय सांगते? परंपरा विचारते, सेवेला हात किती?

हाच प्रश्न घेऊन मी जागा बघायला निघाले. मोठ्या संस्था बघितल्या, लहान घरंही बघितली. हल्ली बंगला भाड्याने घेऊन आठ-दहा वृद्धांना ठेवणारी घरं आमच्या बेळगावाकडेही आहेत. लहान घराचा फायदा उघड आहे. माणूस नावाने ओळखला जातो, खोलीतून बाहेर आलं की चार ओळखीचे चेहरे दिसतात, भाजीला काय ते कानावर पडतं. पण एका घरात ‘अगदी घरगुती वातावरण आहे हो’ असं तीनदा ऐकलं, तेव्हा मी विचारलं, रात्री कोण असतं? एकच बाई. तीच सकाळी स्वयंपाक करते, तीच आंघोळी घालते, तीच रात्री उठते. रजेवर गेली तर? “बघतो काहीतरी.” म्हणजे घरात पिढ्यान्‌पिढ्या जे एका बाईच्या अंगावर टाकलं, तेच इथे पगार देऊन दुसऱ्या एका बाईच्या अंगावर टाकलेलं. घरगुती या शब्दाचा हाही एक अर्थ आहे.

जो माणूस स्वतः कूस बदलू शकत नाही, त्याला साधारण दर दोन तासांनी वळवावं लागतं, नाही तर पाठीला जखमा होतात. रात्रीसुद्धा. म्हणून मी सोफे, बाग, टीव्ही यांच्याकडे फार बघितलं नाही. न सांगता संध्याकाळी गेले. संडासात धरायला दांडा आहे का, घंटा वाजवली तर किती वेळाने कोण येतं, पडलं-झडलं तर कुठल्या दवाखान्यात नेतात आणि गाडी कुणाची, हे विचारलं. नोंदणीचे कागद मागितले. महिन्याच्या रकमेत काय येतं आणि डायपर, औषधं, डॉक्टरची फी यांचं वेगळं किती, हे लिहून मागितलं. जमलं नाही तर अनामत परत मिळते का, हेही.

मग आपल्या घरचे प्रश्न. कांदा-लसूण, कंदमुळं वर्ज्य, पाणी गाळलेलं, जेवण दिवस मावळायच्या आत. ‘करू की’ असं सगळेच म्हणतात. स्वयंपाकघरात जाऊन वेगळी भांडी आहेत का बघावं. इथे एक गोष्ट डॉक्टरांशी नीट बोलावी. मधुमेह असलेल्या बाईने सहाला जेवायचं आणि सकाळी आठपर्यंत पोट रिकामं, हे साखर एकदम उतरायला कारण होऊ शकतं. गोळ्यांच्या, इन्सुलिनच्या वेळा त्याप्रमाणे बसवून घ्याव्या लागतात. आपल्या मनाने बदलू नयेत. आणि भाषा. आमच्याकडे सेवेला येणाऱ्या बायका बहुतेक कन्नड बोलतात. आत्तींना दोन्ही येतात, पण वय वाढतं, विसर पडतो, तशी माणसं लहानपणीच्या भाषेकडे परततात. निदान एका बाईला मराठी यावी, एवढं मी धरून ठेवलं.

कायद्याचंही बघितलं. 1956 चा दत्तक व निर्वाह कायदा आपल्यालाही लागू आहे, पण त्यातला म्हातारपणीचा आधार आईवडिलांसाठी; आत्या त्यात बसत नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने ती जागा भरली. मूल नसलेल्या वृद्धेची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा ज्याला पुढे मिळणार आहे, त्या नातेवाइकावर तिच्या पोषणाची जबाबदारी येते. सांभाळण्याच्या अटीवर बक्षीसपत्र करून दिलं आणि सांभाळलं नाही, तर ते रद्द करून घेता येतं. पण ती अट कागदात लिहिलेली असावी. पुतण्याच्या नावावर जमीन करणाऱ्या प्रत्येक आत्याने हे आधी वाचावं. आमच्या आत्तींच्या शेताचा खंड आता त्यांच्याच खात्यात जमा होतो आणि घराचा खर्च त्यातून जातो. कमी पडेल ते पुतणे घालतात. त्यामुळे त्या कुणाच्या उपकारावर नाहीत.

दोन घरं त्यांना स्वतःला नेऊन दाखवली. हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. ज्याला राहायचं त्याने बघावं. पहिल्या घरात त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या घरात नऊ माणसं होती. आत्तींनी ना खोली बघितली, ना खिडकी. सेवेच्या मुलीला जवळ बोलावून विचारलं, “तुझी रात्री झोप होते काय गं?” ती म्हणाली, “होते की आज्जी. आम्ही दोघी हाय, आलटून-पालटून जागतो.” आत्ती आमच्याकडे वळून म्हणाल्या, “महिनाभर राहून बघते.” चार माणसांची रात्रीची उठबस केलेल्या बाईला नेमकं काय विचारायचं ते ठाऊक होतं. महिना झाला, पुढेही त्या राहिल्या. आठवड्यातून दोनदा आम्ही कुणीतरी जातो. निर्यापकांच्या त्या यादीतल्या कथा सांगणाऱ्यांचं काम आता आमच्याकडे आहे.

सगळ्यांनी हेच करावं असं मी म्हणत नाही. घरी दोन माणसांचे हात असतील, रात्रीची बाई मिळत असेल, मुलगा-नातू कूस बदलायला उठत असतील, तर घरासारखं काही नाही. पण हातांचा हिशेब न करता ‘घरीच’ म्हणणं सोपं असतं, कारण म्हणणारा एक असतो आणि करणारी दुसरी. आपल्यातल्या पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकीने हा हिशेब दुसऱ्यासाठी मांडताना स्वतःसाठीही मांडून ठेवावा. मला कुठे राहायला आवडेल, कुणाच्या हातून घास चालेल, खर्च कशातून होईल, हे शुद्धीत असताना लेकाला, लेकीला, सुनेला एकत्र बसवून सांगावं. म्हणजे पुढे कुणाला ‘टाकलं’ हा शब्द वापरावा लागणार नाही. ‘गेल्या’ म्हणतील. स्वतःहून, बघून-विचारून गेल्या.