छपरावरची माकडे : घराच्या साहित्याचे रक्षण कसे करावे?

कोकणातील घराच्या छपरावर एकेकाळी कौलांखेरीज दुसरे काही नसे. आता तेथे दूरचित्रवाणीची डिश असते, पाण्याची प्लॅस्टिकची टाकी असते, सौर बंब असतो आणि केंद्र सरकारची ‘पीएम सूर्यघर’ योजना २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून सौर पॅनेलेही दिसू लागली आहेत. छपरावर माकडांचा कळप उतरला की काही मिनिटांत कौले फुटतात, डिश वाकते, टाकीचे झाकण अंगणात येऊन पडते. फटाके, गलोल, आरडाओरडा हे उपाय दोन-चार दिवस चालतात. पुढे माकडे त्यांना सरावतात. त्यामुळे माकडांना हाकलण्यापेक्षा छपरावर येण्याचे कारणच नाहीसे करणे, हा अधिक टिकाऊ मार्ग ठरतो.

दोन प्राणी, दोन सवयी

कोकणात उपद्रव करणारे प्राणी मुख्यतः दोन : काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे वानर आणि तांबूस तोंडाचे माकड, म्हणजे बॉनेट माकड. वानर प्रामुख्याने पाला, कळ्या व फळे खातो. वस्तू उचकटण्याची त्याला फारशी हौस नसते. परंतु त्याचे वजन जास्त आणि उडी लांब. झाडावरून छपरावर झेप घेताना त्याच्या भाराने कौले फुटतात. माकड आकाराने लहान, पण त्याची बोटे चपळ आणि जिज्ञासा दांडगी. ते कौल उचलून खालचे किडे शोधते, झाकण फिरवून पाहते, लोंबणारी वायर ओढते. मिळालेले खाणे ते गालाच्या पिशव्यांत भरून पळते. वानराला अशा पिशव्या नसतात. नुकसान कोणी केले हे ओळखल्यास उपायही नेमका करता येतो. वानरासाठी उडीची वाट तोडावी लागते, माकडासाठी सुटी वस्तू घट्ट करावी लागते.

कौले

मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे काढला आणि पुढे ही कौले साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. ती रिपांवर केवळ अडकवलेली असतात. म्हणूनच ती बदलणे सोपे आणि माकडाला उचलणेही सोपे. पावसाळ्याच्या तोंडावर कौले फुटली तर पाणी वाशांत मुरते, लाकूड कुजते आणि माळ्यावरील विजेच्या तारांपर्यंत ओल पोहोचते.

अनेक मंगलोरी कौलांच्या मागील बाजूस तार ओवण्यासाठी भोक असते. शाकारणीच्या वेळी निदान कडेच्या व आढ्याजवळच्या ओळी गंज न धरणाऱ्या तारेने रिपांना बांधून घ्याव्यात. कळप नेहमी एकाच बाजूने उतरत असेल तर तेवढ्या भागावर लोखंडी जाळी पसरता येते. जाळीमुळे भार विभागला जातो आणि कौल उचलता येत नाही. मात्र तीत अडकलेला पालापाचोळा पावसापूर्वी काढावा लागतो. अनेकांनी कंटाळून कौलांच्या जागी पत्रे घातले. त्याने फुटतूट थांबते, पण उन्हाळ्यातील उष्मा आणि पावसाचा आवाज वाढतो. छपराजवळच्या फांद्या किमान चार-पाच मीटर मागे छाटणे हा वानरांविरुद्धचा सर्वांत स्वस्त उपाय होय.

पाण्याची टाकी

उन्हाळ्यात रानातले पाणवठे आटले की टाकी हे माकडांचे मोठे आकर्षण ठरते. झाकण उघडे राहिल्यास पाण्यात विष्ठा व केस पडतात, आणि डेंग्यू पसरवणाऱ्या डासांना अंडी घालायला आयती जागा मिळते. झाकणाला कडी-कुलूप लावावे. तशी सोय नसल्यास टाकीभोवती लोखंडी पट्टीचा पिंजरा करावा. बाहेरचे नळ व फ्लोटचे पाइप पेटीत बंद करावेत. झाकण उघडे आढळल्यास ते पाणी पिण्यास वापरू नये. टाकी रिकामी करून धुवावी व पाण्याचे निर्जंतुकीकरण करावे.

डिश

डिशची दिशा अंश-दोन अंशांनी ढळली तरी चित्र खराब होते वा जाते. माकडाला ती बसण्याची जागा वाटते. भारतीय सेवांचे उपग्रह महाराष्ट्रातून पाहता साधारणपणे आग्नेयेकडे असतात. त्या दिशेचे आकाश मोकळे असेल तर डिश छपराच्या टोकाऐवजी भिंतीवर बसवता येते. तेथे माकडाला बूड टेकवणे कठीण जाते. नटांवर दुसरा नट चढवावा, वायर भिंतीशी क्लिपांनी आवळावी आणि कोठेही झोळ ठेवू नये.

सौर बंब आणि पॅनेले

काचेच्या नळ्यांचा सौर बंब सर्वांत नाजूक. नळी फुटली की टाकीतील गरम पाणी वाहून जाते. पाइपांवरील मऊ उष्णतारोधक आवरण माकडे ओरबाडतात. त्यावर पत्र्याचे कवच घालावे. नळ्यांवर रुंद विणीची जाळी उंचावर बसवावी.

पॅनेलांवर मात्र जाळी पसरू नये. एका पेशीवर सावली पडली तरी संपूर्ण ओळीचे उत्पादन घटू शकते. जाळी चहूबाजूंनी, पॅनेलच्या उंचीखाली लावावी, म्हणजे माकडे खालच्या तारांपर्यंत पोहोचणार नाहीत. तारा नळीत घालून चौकटीला बांधाव्यात. पॅनेलच्या काचेला तडा गेला किंवा वायर कुरतडलेली दिसली तर स्वतः हात लावू नये. मुख्य स्विच बंद केला तरी दिवसाउजेडी पॅनेलांकडून येणाऱ्या तारांत वीज असतेच. दुरुस्ती प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी. पॅनेले बसवण्यापूर्वी प्राण्यांमुळे होणारे नुकसान हमीत किंवा घराच्या विम्यात येते का, हे लेखी विचारून ठेवणे हितावह ठरते.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार ‘शिकार’ या शब्दात मारण्याबरोबरच पकडणे, सापळा लावणे, जखमी करणे व विष घालणे हेही येते. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, बॉनेट माकड पहिल्या अनुसूचीत गेले. या अनुसूचीतील प्राणी मानवी जीवितास धोकादायक झाला असेल, किंवा बरा न होण्याइतका आजारी वा जायबंदी असेल, तरच त्याच्या शिकारीची परवानगी मिळू शकते. मालमत्तेचे नुकसान हे कारण पुरेसे नाही. वानरही संरक्षित आहे. घरातील विजेचा प्रवाह कुंपणात सोडणे तर गुन्हा असून त्यात माणसांचा व गुरांचा जीव जातो. उपद्रव असह्य झाल्यास वनपरिक्षेत्र कार्यालयाकडे किंवा वन विभागाच्या १९२६ या दूरध्वनी क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

माकडे पकडून दूर सोडली तरी प्रश्न बहुधा जागा बदलतो. रिकाम्या जागी दुसरा कळप येतो आणि माणसाला सरावलेली माकडे नव्या गावात तोच उद्योग करतात. हिमाचल प्रदेशाने २००६-०७ पासून माकडांच्या नसबंदीचा मार्ग धरला व दीड लाखाहून अधिक माकडांवर शस्त्रक्रिया केल्या. तरी तेथील तक्रारी संपल्या नाहीत.

आजाराचा धोका

सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसरात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले. हा रोग प्रामुख्याने गोचिडीच्या चाव्याने होतो आणि त्याने माकडेही मरतात. छपरावर किंवा परसात मेलेले माकड आढळल्यास त्याला हात न लावता, जवळ न जाता आरोग्य केंद्राला व वन विभागाला कळवावे. माकड चावले किंवा त्याने ओरखडले तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे.

वाडीने मिळून

एका घराने झाकणाला कुलूप लावले आणि शेजारच्या पडवीत केळी टांगलेली राहिली, तर कळप वाडी सोडत नाही. खरकटे उघड्यावर टाकणे, पिकलेली फळे झाडाखाली पडू देणे आणि देवळापाशी पुण्य म्हणून माकडांना खाऊ घालणे, या तीन गोष्टी कळपाला रोजचे आमंत्रण देतात. हातातून खाणे घेतलेले माकड माणसाला भीत नाही आणि पुढे तेच स्वयंपाकघरात शिरते. ते समोर आल्यास त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये, दात दाखवू नयेत, पळू नये. सावकाश मागे सरावे.

शाकारणीच्या दिवसांतच वाडीतील सर्वांनी एकत्र बसून फांद्यांची छाटणी, टाक्यांची झाकणे आणि कचऱ्याची जागा ठरवून घेतली, तर पावसाळ्यापूर्वी बरेच काम उरकते. माकडे रानातून नाहीशी होणार नाहीत, तशी ती व्हावीतही नयेत. मात्र जेथे खायला नाही, प्यायला नाही आणि उचकटण्याजोगे काही नाही, अशा छपरावर कळप फार काळ रेंगाळत नाही.