खुळखुळता चेंडू

अंधांच्या क्रिकेटची पहिली जागतिक स्पर्धा १९९८ च्या नोव्हेंबरात दिल्लीस भरली होती, हे तेथे नोकरीनिमित्त राहिलेल्या आमच्या किती वाचकांस स्मरत असेल, कोण जाणे! पाकिस्तानचा पराभव करून दक्षिण आफ्रिकेने ती जिंकली.

हा खेळ कुणा दानशूराने अंधांस बहाल केलेला नाही. १९२२ साली मेलबर्न येथील कारखान्यातल्या दोन अंध कामगारांनी पत्र्याच्या डब्यात खडे घातले आणि तोच चेंडू मानून खेळावयास आरंभ केला. आम्हांस त्या डब्याचे फार मोल वाटते. अंधांविषयीची दया बहुधा त्यांना बसवून ठेवते. खुर्च्या विणा, पेटी वाजवा, पण धावू नका, पडाल! दृष्टी गेल्याने शरीर जेवढे दुबळे होत नाही, तेवढे ते घरच्यांच्या काळजीने होते, असे आमचे मत आहे.

१९२८ साली मेलबर्नच्या कूयाँग भागात या खेळाडूंसाठी स्वतंत्र मैदान व क्लबघर उभे राहिले. आमचे काही वाचक मैदानांच्या परवानग्या देणाऱ्या खुर्च्यांवर बसतात, म्हणून हा तपशील मुद्दाम नोंदवितो.

आता चेंडू कठीण प्लॅस्टिकचा असतो व आत छर्रे असतात. तो हात खालून फिरवून टाकावयाचा. खेळपट्टीच्या मध्यापूर्वी त्याने टप्पा घेतलाच पाहिजे. गोलंदाज ‘रेडी?’ विचारतो, फलंदाज ‘येस’ म्हणतो, मग ‘प्ले’ असा पुकारा होऊन चेंडू सुटतो. यष्टी धातूच्या, लागताच खणकन वाजणाऱ्या. चेंडू चालू असता प्रेक्षकांनी मौन पाळावयाचे. आपल्याकडील प्रेक्षकास ही शिक्षाच! अकरांत निदान चार गडी पूर्णांध असावे लागतात, आणि त्यांच्या धावा दुप्पट धरतात. या दुपटीत आम्हांस प्रथम दयाच दिसली होती. विचारांती उमगले की, केवळ कानांवर विसंबून बॅट फिरविणारा गडी संघात नावापुरता राहू नये, सामना त्याच्यावरही फिरावा, अशी ही योजना आहे.

भारताने २०१२ साली बंगलोरला व २०१४ साली केपटाऊनला जागतिक विजेतेपद मिळविले. २०२५ च्या नोव्हेंबरात अंध महिलांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. कोलंबो येथील अंतिम सामन्यात नेपाळला हरवून ती भारतीय मुलींनी जिंकली. अंध मुलीस एकटीने अंगणाबाहेर धाडावयास आपल्यापैकी किती घरे राजी होतील? त्या अकराजणींच्या घरी मात्र कुणीतरी, केव्हातरी, ‘जा’ म्हटले असले पाहिजे.