फोनचं बटण कोणी दाबायचं?

नाटकाच्या तिसऱ्या घंटेआधी जी सूचना होते ती आता आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. भ्रमणध्वनी बंद ठेवा, निदान त्याचा आवाज तरी. (नाट्यगृहाबाहेर ‘भ्रमणध्वनी’ म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.) तरीही दुसऱ्या अंकात, नेमक्या शांततेच्या जागी, कुणाचा तरी वाजतोच. २०१९ मध्ये सुबोध भावे इतके वैतागले की हे असंच चालणार असेल तर नाटकात काम करणं थांबवलेलं बरं, असं त्यांनी जाहीरपणे लिहिलं. त्यावर प्रेक्षकांच्या संस्कारांची भरपूर चर्चा झाली.

माझ्यातला इंजिनियर मात्र भलतीकडेच अडला. फोनला वेळ कळते, आपण कुठे आहोत ते कळतं, कॅलेंडरमध्ये नाटकाची नोंदही असते. मग ‘इथे आलो की गप्प बस, बाहेर पडलो की बोल’ हे त्याला दरवेळी माणसाने का सांगायचं? म्हणून इतिहास खणायला घेतला, तर लक्षात आलं की हा प्रश्न तत्त्वतः सुटून तीस वर्षं झाली आहेत. गाडं अडलंय ते तंत्रापाशी नाही, परवानगीपाशी.

सुरुवात इंग्लंडातल्या केंब्रिजची. तिथल्या ऑलिव्हेट्टीच्या प्रयोगशाळेत रॉय वाँट, अँडी हॉपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ॲक्टिव्ह बॅज’ नावाचा बिल्ला केला. त्यावरचा पेपर १९९२ चा. शर्टाला लावलेला हा बिल्ला दर १५ सेकंदांनी इन्फ्रारेडमधून आपली ओळख सांगायचा, आणि भिंतीवरचे सेन्सर ती टिपायचे. फायदा काय, तर तुम्ही ज्या खोलीत असाल तिथल्या फोनवर तुमचा कॉल वळवता यायचा. फोन जागेवर आणि माणूस फिरता अशा काळातली ही गोष्ट, त्यामुळे फोनलाच माणूस शोधावा लागे.

मग १९९४ मध्ये झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेतल्या कामावर बिल शिलिट, नॉर्मन ॲडम्स आणि रॉय वाँट यांचा एक पेपर आला. त्यात एक साधी फाइल आहे. एका ओळीत चार रकाने: कोणता बिल्ला, कुठे, काय घडलं, आणि मग काय करायचं. उदाहरणादाखल दिलेला एक नियम तर भन्नाटच आहे. कॉफीच्या मशीनला बिल्ला चिकटवायचा आणि त्यावरून कोंबडा आरवल्याचा आवाज वाजवायचा! युनिक्सवाल्यांना ही फाइल पाहून क्रॉनची आठवण येईल. क्रॉन १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये होतंच, पण त्याला घड्याळाखेरीज जगातलं काही कळत नसे. शिलिट मंडळींनी घड्याळाच्या जागी माणूस आणि खोली आणून बसवली. आज तुमच्या फोनमध्ये ‘असं झालं तर तसं कर’ छापाचं जे काही आहे, ते या चार रकान्यांचंच नातवंड.

आपल्याकडे यातला पहिला धडा दिला तो नोकियाने. प्रोफाइल्स! जनरल, सायलेंट, मीटिंग, आउटडोअर. कित्येक मॉडेलांत पॉवरचं बटण हळूच दाबलं की ही यादी यायची, आणि खिशात हात घालून न बघता प्रोफाइल बदलणारे महाभाग कॉलेजात असायचे. मला ही कल्पना आजही फार हुशार वाटते. कारण त्या यादीत आवाजाची पातळी नव्हती, प्रसंगांची नावं होती. रिंग किती, व्हायब्रेशन आहे का, मेसेजचा टोन कोणता, ही सगळी मोट एका नावाखाली बांधलेली. माणसाने फक्त ‘आता मीटिंग आहे’ एवढंच सांगायचं.

आणि त्यातच पुढे ‘टाइम्ड’ आलं. मीटिंग, पण चार वाजेपर्यंतच. चार वाजले की फोन आपला आपण जनरलवर. आत जायचं काम माणसाचं, बाहेर यायचं काम फोनचं. वरवर किरकोळ वाटतं, पण माणूस विसरतो ते नेमकं बाहेर येणंच. सायलेंटवर टाकताना समोर साहेब असतो म्हणून आठवतं. काढायला कोण सांगणार? मग रात्री घरी पोचल्यावर आईचे अकरा मिस्ड कॉल दिसतात आणि पुढचं संभाषण आपल्याला माहीत आहेच.

सिंबियनवाले फोन आले तसे लोक याच्याही पुढे गेले. नोकियाने २००५ च्या सुमारास एस-६० फोनसाठी पायथन दिलं. ज्या टॉवरला फोन जोडलेला आहे त्याचा क्रमांक वाचायचा, घरचा असेल तर हे प्रोफाइल, ऑफिसचा असेल तर ते. दहा-पंधरा ओळींचं काम. जीपीएस नको, इंटरनेट नको, बॅटरीही फारशी खात नाही.

पण २००४ मध्ये ब्लूटूथवरून पसरणारा काबीर आणि २००५ मध्ये एमएमएसमधून पसरणारा कॉमवॉरियर हे किडे येऊन गेले होते. सिंबियनने दारं बंद करायला घेतली. एस-६० च्या तिसऱ्या आवृत्तीपासून प्रत्येक प्रोग्रॅमला काय काय करायचंय त्याची यादी द्यावी लागे, आणि त्यातल्या नाजूक गोष्टींसाठी दुसऱ्याची डिजिटल सही. टॉवरचा क्रमांक वाचणं हे नाजूक गोष्टींत मोडलं! म्हणजे फोन माझा, सिम माझं, स्क्रिप्ट माझी, आणि मी कोणत्या टॉवरखाली उभा आहे हे त्या स्क्रिप्टला कळायला मात्र सही वरच्या साहेबाची. कारण चुकीचं नव्हतं, तो क्रमांक म्हणजे शेवटी माणसाचा ठावठिकाणाच. तरी एवढं लक्षात ठेवा, कारण हेच नाटक पुढे नव्या संचात येणार आहे.

तो नवा संच म्हणजे अँड्रॉइड. २००८ च्या वसंतात एमआयटीमध्ये हॅल एबल्सन यांनी अँड्रॉइडवर ॲप बनवण्याचा एक वर्ग घेतला. बाजारात अँड्रॉइडचा एकही फोन नव्हता तेव्हा. त्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी ‘लोकॅल’ नावाचं ॲप केलं आणि गूगलच्या पहिल्या अँड्रॉइड स्पर्धेत सर्वोच्च दहांत येऊन २,७५,००० डॉलर मिळवले. ॲप काय करायचं? ठिकाण, वेळ, बॅटरी वगैरे अटी पाहून रिंगर, वॉलपेपर, वाय-फाय बदलायचं. म्हणजे आपली नाट्यगृहाची अडचण अँड्रॉइडचा पहिला फोन दुकानात येण्यापूर्वीच सोडवून झाली होती.

लोकॅलमधली एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. नियम करताना सगळे अडखळतात ते एकाच ठिकाणी. फोन ऑफिसात आहे म्हणून व्हायब्रेटवर, आणि बॅटरी १५ टक्क्यांखाली गेली म्हणून व्हायब्रेटही बंद. आता ऑफिसातून निघालो, बॅटरी कमीच आहे. काय लागू? लोकॅलचं उत्तर होतं क्रमवारी. प्रसंग एकाखाली एक लावायचे, वरचा जिंकणार, आणि सगळ्यात तळाशी ‘डीफॉल्ट्स’. कोणताच प्रसंग लागू नसेल तर तळाचं खरं. पूर्ववत करण्याची भानगडच नाही, कारण ‘पूर्वी काय होतं’ हे लक्षात ठेवायचंच नाही. २०१० च्या आसपास आलेल्या टास्करने दुसरा रस्ता धरला. तिथे प्रसंगात शिरताना एक काम आणि बाहेर पडताना दुसरं. ताकद कितीतरी जास्त, पण दोन प्रसंग एकमेकांत अडकले की गुंता सोडवायची जबाबदारी तुमची. नवशिक्या मित्रांना मी सांगतो की आधी डोकं लोकॅलसारखं चालवा. तळाशी काय हवं ते ठरवा, मग अपवाद.

टास्कर दिसायला कधीच देखणं नव्हतं. पण व्हेरिएबल, लूप, अटी, सगळं त्यात होतं, आणि कित्येकांनी आयुष्यातला पहिला प्रोग्रॅम आपण प्रोग्रॅम लिहितोय हे न कळताच तिथे लिहिला. गंमत म्हणजे टास्करने प्लगइनसाठी लोकॅलचाच करार उचलला. लोकॅलवाल्या कंपनीचं नाव होतं ‘टू फॉर्टी फोर एएम’, म्हणजे पहाटेचे दोन चव्वेचाळीस, आणि हे नाव त्या करारातल्या आज्ञांमध्येच कोरलेलं आहे. त्यामुळे लोकॅलचं नाव न ऐकलेले लोकही प्लगइन लिहिताना अजून पहाटेचे दोन चव्वेचाळीस टाइप करतात. वारसा म्हणजे काय, तर हे.

मग तेच झालं जे सिंबियनवर झालं होतं, फक्त हप्त्याहप्त्याने. २०१२ मध्ये अँड्रॉइड ४.२ आलं आणि एअरप्लेन मोडचं बटण साध्या ॲपच्या हातून गेलं. २०१४ च्या लॉलीपॉपमध्ये मोबाईल डेटाचं. २०१८ च्या ऑक्टोबरात गूगलने एसएमएस आणि कॉल लॉगवर निर्बंध जाहीर केले. टास्कर त्याआधी काही महिन्यांपूर्वीच मूळ लेखकाकडून पोर्तुगालच्या जुआंव दियास यांच्याकडे आलं होतं, आणि हे घोंगडं त्यांच्या गळ्यात. बराच आरडाओरडा झाल्यावर ऑटोमेशनच्या ॲपसाठी अपवाद काढण्यात आला. २०१९ च्या अँड्रॉइड १० मध्ये वाय-फायची पाळी आली. इथली पद्धत मला सरकारी खिडकीची आठवण करून देते. वाय-फाय चालू-बंद करणारं फंक्शन जागेवरच आहे, बोलावता येतं, एररही येत नाही. फक्त नव्या आवृत्तीसाठी बनवलेल्या ॲपला उत्तर कायम एकच: नाही. अर्ज स्वीकारला जातो, काम होत नाही. २०२२ च्या अँड्रॉइड १३ मध्ये ब्लूटूथही याच वाटेने गेलं.

गूगलची बाजू अगदीच लंगडी नाही हेही सांगायला हवं. ज्या देशात बँकेचा ओटीपी एसएमएसने येतो तिथे कुठल्याही टॉर्चच्या ॲपने मेसेज वाचावेत हे कुणालाच परवडणारं नाही. पण ओटीपी चोरणं आणि वाय-फाय बंद करणं यांना एकाच मापाने मोजायचं? हट्टी लोकांनी पळवाटा काढल्याच. फोन कॉम्प्युटरला जोडून एक आज्ञा द्या आणि ‘राइट सिक्युअर सेटिंग्ज’ ही परवानगी टास्करला बहाल करा. किंवा मुद्दाम जुन्या अँड्रॉइडसाठी बनवलेलं एक मदतनीस ॲप बसवा, म्हणजे वाय-फायची खिडकी उघडते. चालतं सगळं. पण हे करणारा माणूस आणि नाटकात ज्याचा फोन वाजतो तो माणूस, हे दोन वेगळे.

आता आयफोनकडे बघू, कारण तिथे बरोब्बर उलटं घडलं. सुरुवातीला ॲपला काहीच करता येत नसे. ज्यांना हौस होती ते फोन जेलब्रेक करून रायन पेट्रिच यांचं ‘ॲक्टिव्हेटर’ वापरायचे. त्याच जेलब्रेकच्या दुनियेतून आलेले एरी वाइनस्टीन आणि कॉनराड क्रेमर यांनी साथीदारांबरोबर एका हॅकेथॉनमध्ये ‘वर्कफ्लो’ची सुरुवात केली. ॲप स्टोअरवर ते आलं डिसेंबर २०१४ मध्ये. मार्च २०१७ मध्ये ॲपलने ते चक्क विकत घेतलं. २०१८ मध्ये त्याचं ‘शॉर्टकट्स’ झालं, आणि २०१९ मध्ये त्यात ‘ऑटोमेशन’ आलं. सुरुवातीला वेळ किंवा ठिकाण आलं की फोन विचारायचा, ‘चालवू का?’ (म्हणजे नोकर ठेवला, तो दर वेळी दार वाजवून विचारतो, केर काढू का!) हे विचारणं पुढच्या आवृत्त्यांत हळूहळू कमी झालं.

२०१९ चा हिशेब मांडून बघा. ज्या वर्षी टास्करच्या हातून वाय-फाय गेलं, त्याच वर्षी आयफोनवरच्या नियमांना ते चालू-बंद करता येत होतं. त्याच वर्षी सॅमसंगने एस-१० वर ‘बिक्सबी रूटीन्स’ आणलं, आणि पुढच्या वर्षी गूगलने पिक्सेलवर स्वतःचे ‘रूल्स’. म्हणजे बटण सोडवून घेतलं ते बाहेरच्या ॲपकडून, आणि दाबायला दिलं ते कंपनीच्या घरच्या ॲपला. आयफोनवरही बाहेरच्या ॲपला हे जमत नाहीच. शॉर्टकट्स चालतं कारण ते आता ॲपलचं आहे. तेव्हा तुमच्या फोनला कोणते नियम शिकवता येतील हे तुमच्या कल्पनेवर कमी आणि फोनच्या डब्यावर कुणाचं नाव छापलंय त्यावर जास्त ठरतं. मला हे पटत नाही, पण रोज वापरतो मीही तेच.

कंपनीनेच नियम बनवले की काय होतं याचं एक चांगलं उदाहरण आपल्याकडचंच आहे. २०१६ मध्ये सॅमसंगने भारतात गॅलेक्सी जे-३ वर ‘एस बाइक मोड’ दिला. तुम्ही दुचाकीवर असलात की फोन वाजत नाही, पलीकडच्याला सांगितलं जातं की माणूस गाडी चालवतोय, अगदीच तातडीचं असेल तर एक दाबा. हे एक दाबणं खास आपल्या मातीतलं. आपल्याकडे प्रत्येकाचं काम तातडीचंच असतं, पण बटण दाबायला लागलं की माणूस क्षणभर विचार करतो. बाहेरचा हौशी डेव्हलपर अँड्रॉइडच्या आजच्या नियमांत हे बनवायला गेला तर परवानग्या मागता मागता म्हातारा होईल.

वाइनस्टीन आणि क्रेमर पुढे ॲपलमधून बाहेर पडले. साध्या भाषेत सांगितलेली कामं मॅकवर करून देणारं ‘स्काय’ नावाचं ॲप त्यांनी बनवायला घेतलं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपनएआयने त्यांची कंपनीच घेतली. म्हणजे आता चार रकानेही भरायचे नाहीत, नुसतं बोलायचं. बघू, त्याला तरी वाय-फायचं बटण दाबू देतात का.