सातपाटीचा सहकार आणि समुद्राची मर्यादा

या वर्षीच्या स्मरणिकेसाठी आपल्या गावाच्या इतिहासावर चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. मी इतिहाससंशोधक नव्हे. उभा जन्म मुलांना धडे देण्यात घालविलेला एक निवृत्त शिक्षक आहे. तथापि ज्या गावच्या मासळीवर हा देह पोसला, त्या गावाचे ऋण अंशतः तरी फिटावे, या भावनेने ही लेखणी हाती घेतली आहे.

पालघर तालुक्यातील सातपाटी हे गाव पापलेटसाठी दूरवर प्रसिद्ध आहे. ‘सातपाटी पद्धतीची’ म्हणून ओळखली जाणारी नौका आपल्याच सुतारांच्या हातची. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघर येथे झालेल्या गोळीबारात जे पाच वीर धारातीर्थी पडले, त्यांत आपल्या गावचे काशिनाथ हरी पागधरे हे एक होते. असे हे स्वाभिमानी गाव. परंतु त्या काळी समुद्रावर निर्भयपणे संचार करणारा आपला नाखवा किनाऱ्यावर पाऊल ठेवताच व्यापाऱ्याचा ऋणको होत असे. जाळ्याच्या सुतासाठी व पावसाळ्यातील धान्यासाठी उचल घ्यावयाची आणि तिच्या मोबदल्यात सारी मासळी त्यालाच, तो म्हणेल त्या भावाने घालावयाची, असा परिपाठ होता. मासळी नाशवंत, तेव्हा घासाघीस करण्यास वेळ तरी कोठून मिळणार?

या दास्यातून समाजाला सोडविले ते सहकाराने. स्वातंत्र्याच्या आगेमागे गावात मच्छीमारांच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या. सातपाटी मच्छीमार सर्वोदय सहकारी संस्था व सातपाटी मच्छीमार विविध कार्यकारी सहकारी संस्था ही नावे आज घरोघरी परिचित आहेत. संस्थेने मासळी तोलून घ्यावी, वजनाप्रमाणे प्रत लावावी, बर्फ व इंधन पुरवावे, एकत्र विक्री करावी आणि कर्जाचा हप्ता वळता करून उरलेली रक्कम सभासदाच्या खाती जमा करावी, अशी ही साधी व्यवस्था होय. साधी खरी, परंतु तिच्यामुळे तराजू व्यापाऱ्याच्या हातून आपल्या हाती आला. पुढे १९५० नंतरच्या काळात शिडाच्या होड्यांवर यंत्रे बसू लागली, तेव्हा सरकारी कर्ज संस्थांच्या जामिनकीवर मिळू शकले. ज्या पिढीने हे घडविले, तिच्यातील पुष्कळांना सहीदेखील करता येत नव्हती, हे आजच्या पदवीधर तरुणांनी ध्यानी ठेवावे.

येथवरचा इतिहास गौरवाचा आहे आणि तो आपण प्रत्येक समारंभात सांगतो. त्याची दुसरी बाजू मात्र आपण सांगत नाही. ती सांगणे हाच या लेखाचा हेतू आहे.

माझ्या बालपणी जाळी सुताची व तागाची असत. ती वरचेवर वाळवावी लागत, ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून पक्की करावी लागत. जाळे वाळत असे तोवर समुद्रालाही विसावा मिळे. शिडाची होडी वाऱ्याच्या मर्जीने जाई आणि बर्फाअभावी लवकर परते. पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवीत, त्या नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण केल्यावरच पाण्यात लोटीत. पूर्वजांना मत्स्यशास्त्र अवगत होते, असा माझा दावा नाही. साधनांची दुर्बळता आणि धर्माची रूढी या दोहोंनी मिळून त्यांना मर्यादेत ठेविले होते, इतकेच मी म्हणतो.

यंत्र आले, नायलॉन आले, बर्फ आला आणि ती मर्यादा आपोआप गळून पडली. नायलॉनचे जाळे वाळवावे लागत नाही, यंत्र वाऱ्याची वाट पाहत नाही. यात पाप काही नव्हते. आमच्या आयाबहिणींच्या अंगावर चार दागिने आले, मुले कॉलेजात गेली, ती याच यंत्रामुळे. परंतु जी मर्यादा पूर्वी निसर्ग घालीत होता, ती यापुढे माणसाने स्वतः घालावी लागेल, हा विचार त्या वेळी कोणी केला नाही.

येथे मला स्वतःचा अपराध कबूल केला पाहिजे. आमच्या घरच्या होडीचा हिशेब मीच लिहीत असे. डोल जाळ्याच्या खोळ्याचा आस वर्षागणिक बारीक होत गेला. त्यात तळहाताएवढीही न भरणारी पापलेटची पिल्ले येत आणि ती टोपलीच्या भावाने विकली जात. वर्षभराने जी पिल्ले दालद्याच्या जाळ्यात मोठी होऊन आली असती, त्यांची किंमत मी ‘किरकोळ’ या सदरात मांडीत होतो. शाळेत मुलांना चक्रवाढ व्याज शिकविणारा मी घरी मुद्दल खात होतो.

कायदे झाले नाहीत असे नाही. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ साली झाला. पर्ससीन जाळ्यांवर २०१६ साली निर्बंध आले. २०२१ साली दंड कठोर झाले. २०२३ साली पापलेट हा ‘राज्य मासा’ म्हणून घोषित झाला आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीची किमान आकारमाने ठरविण्यात आली. पापलेटचे आकारमान १३५ मिलिमीटर आहे. पावसाळी बंदी मात्र पूर्वी १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा यांपैकी जे आधी येईल तोवर असे, ती आता १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची आहे. नारळी पौर्णिमा बहुधा ऑगस्टात येते. म्हणजे सागराला नारळ वाहण्याच्या आधीच नौका सागरात गेलेल्या असतात!

खाडी गाळाने भरत आहे. शेजारच्या वाढवण येथे ऑगस्ट २०२४ मध्ये मोठ्या बंदराची पायाभरणी झाली. त्याविषयी आपण सरकारशी भांडावे, अवश्य भांडावे. परंतु पिल्लांची टोपली आपल्याच धक्क्यावर उतरत असेल, तर त्या भांडणात आपला आवाज उंच लागणार नाही.

म्हणून ज्ञातिबांधवांना व भगिनींना माझी नम्र सूचना आहे. सरकारी नौका प्रत्येक खोळा तपासू शकत नाही. संस्थेचा तराजू मात्र प्रत्येक मासा पाहतो. ठरलेल्या मापाहून लहान पापलेट संस्थेने तोलूच नये, आणि आसाचे माप पाळणाऱ्या सभासदाला कर्जात व बर्फात अग्रक्रम द्यावा. पहिले वर्ष जड जाईल, हे मी हिशेब लिहिलेला माणूस म्हणून जाणतो. डोलवाल्यांचे नुकसान सर्वांनी वाटून घ्यावे लागेल. वडिलांनी तराजू मिळविला तो मासळीचा भाव राखण्यासाठी. आता त्याच तराजूने मासळीचा वंश राखावयाचा आहे. संस्था टिकली आणि मासा संपला, तर पुढील स्मरणिकेत लिहिण्यासारखे काय उरेल? इत्यलम्.