खानावळवालीची उधारी

मैत्रिणींनो, परगावी गेलं की आपण आधी विचारतो, "जेवायची सोय कुठं?" मुंबईच्या गिरणगावात कामगारांची ही सोय बायकांनी केली. कोकण-घाटावरून आलेले गडी एकाच खोलीत पाळीपाळीनं झोपत आणि खानावळवालीकडं दोन वेळ जेवत. पैसे पगार झाल्यावर. तोवर पीठ, तेल, रॉकेल आणायचं कुठून? वाण्याकडून उधार, नाहीतर सावकाराकडं दागिना गहाण. 1973-74 च्या संपात पगार थांबले, तरी तिनं ताट थांबवलं नाही. संपाच्या गोष्टीत पुढाऱ्यांची नावं येतात, हिचं येत नाही. मला हे खटकतं.

प्रेमा पुरव यांना मात्र ती दिसली. गोवा मुक्तीच्या लढ्यातून आलेल्या या बाईंनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. तारणाला काही नाही, कित्येकींना सही येत नाही, अशांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. हमी एकमेकींची, आपल्या ढाणकीच्या गटात असते तशीच.

पुढं 1982 चा संप लागला. गिरण्या बंद पडत गेल्या, जेवणारेच गावी परतले. बायकांनी चूल विझू दिली नाही. मंडळानं बाहेरच्या जेवणाच्या ऑर्डरी घेतल्या.