कपाळावरचा कॅमेरा नेमबाजाला काय दाखवतो?

दहा मीटर एअर पिस्तूल स्पर्धेच्या पात्रता फेरीत खेळाडूला ६० शॉट मारायचे असतात आणि इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर त्यासाठी ७५ मिनिटे मिळतात. म्हणजे एका शॉटच्या वाट्याला सव्वा मिनिट येते. त्यातला शॉट सुटण्याचा क्षण तेवढा गुणांच्या रूपाने उमटतो. उरलेल्या वेळात हाताने पकड कशी घेतली, पिस्तूल कितीदा उचलून पुन्हा खाली ठेवले, शॉट सुटताच मान कुठे वळली, याची नोंद कुठेच राहत नाही. प्रशिक्षक मागे उभा असेल तर यातले काही त्याच्या नजरेस पडते. मात्र रोजच्या सरावात प्रत्येकाच्या पाठीशी प्रशिक्षक उभा राहू शकत नाही. डोक्यावर बांधायच्या छोट्या कॅमेऱ्याचा उपयोग होतो तो या नोंद न होणाऱ्या वेळासाठी.

असा कॅमेरा विकत घेणाऱ्याची अपेक्षा मात्र बहुधा वेगळीच असते. आपला डोळा जे पाहतो तेच कॅमेरा टिपेल, पुढची साइट, मागची साइट आणि काळे वर्तुळ असे तिन्ही एका रेषेत दिसतील आणि नेम कुठे चुकला ते घरी बसून तपासता येईल, असे त्याला वाटते. थोडे गणित मांडले की ही अपेक्षा गळून पडते. एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावरील काळ्या भागाचा व्यास ५९.५ मिलिमीटर आणि दहा गुणांच्या वर्तुळाचा ११.५ मिलिमीटर असतो. कॅमेऱ्याची दृष्टिकक्षा ९० अंशांची धरली आणि चित्रण ३,८४० पिक्सेल रुंदीचे केले, तरी दहा मीटरवरचा तो काळा भाग पडद्यावर अकरा-बारा पिक्सेलांचा होतो. दहाचे वर्तुळ जेमतेम दोन पिक्सेलांचे आणि ४.५ मिलिमीटरच्या छर्ऱ्याने पाडलेले भोक एका पिक्सेलहूनही लहान. एअर रायफलीच्या लक्ष्याची गत याहून बिकट आहे. तिथे काळा भागच ३०.५ मिलिमीटरचा असतो आणि दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा.

दुसरी अडचण जागेची. भिंग डोळ्याच्या सात-आठ सेंटिमीटर वर असते. ताणलेल्या हातातील पिस्तूल डोळ्यापासून साधारण ७० सेंटिमीटरवर, तर लक्ष्य दहा मीटरवर. त्यामुळे कॅमेऱ्यातून पाहिले की पिस्तूल लक्ष्याच्या जवळजवळ सहा अंश खाली रोखलेले भासते. ही दृष्टिभेदाची करामत माहीत नसलेला नवखा नेमबाज आपला हात खाली जातो आहे असे समजून चांगला नेम बिघडवून बसण्याची शक्यता असते. रायफलीत तर गाल लाकडाला टेकलेला आणि डोळा मागच्या साइटच्या बारीक छिद्रामागे असतो. त्या छिद्रातून दिसणारे चित्र कपाळावरच्या भिंगाला दिसणे शक्यच नाही. नळीची दिशा आणि नेमाची हालचाल टिपण्यासाठी नळीला जोडायचे प्रकाशीय संवेदक निराळे मिळतात. ‘स्कॅट’ ही रशियन प्रणाली त्यांतली प्रसिद्ध. ट्रॅप व स्कीटच्या खेळाडूंसाठी थेट बंदुकीच्या नळीला बसवायचे कॅमेरेही आहेत. कपाळावरच्या कॅमेऱ्याकडून त्यांचे काम मागू नये.

मग तो दाखवतो काय? सर्वांत चांगले दाखवतो ते शॉट सुटल्यानंतरचे दोन सेकंद. ट्रिगर सुटल्यावरही नेम, पकड आणि डोके क्षणभर तसेच धरून ठेवणे, ज्याला नेमबाज ‘फॉलो-थ्रू’ म्हणतात, हे सांगायला सोपे आणि पाळायला महाकठीण. छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच डोके वर येऊ लागले तर शॉट हलतो. कॅमेरा डोक्यालाच बांधलेला असल्याने डोके हलले की अख्खे दृश्य उडी मारते. शॉटचा आवाज आणि ही उडी यांतले अंतर चित्रफितीत मोजता येते. ५० फ्रेमच्या चित्रणात एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. दहा शॉटच्या एका मालिकेत उडी दर वेळी कितव्या फ्रेमला आली ते कागदावर लिहून काढले, तर ‘मी डोके धरून ठेवतो’ या समजुतीत किती तथ्य आहे ते अर्ध्या तासात कळते.

दुसरी गोष्ट गुण दाखवणाऱ्या पडद्याची. इलेक्ट्रॉनिक लक्ष्याच्या रेंजवर प्रत्येक खेळाडूजवळ एक छोटा पडदा असतो आणि शॉट लागताच गुण व जागा त्यावर उमटतात. पडद्याकडे मान किती वेगाने वळते, तिथे किती वेळ रेंगाळते, नऊ गुण आल्यावर ती जास्त वेळ रेंगाळते का, हे खेळाडूला स्वतःला आठवत नाही; कॅमेरा ते बिनबोभाट नोंदवतो. अनेकांच्या दृष्टीने कॅमेऱ्याची किंमत एवढ्या एका नोंदीत वसूल व्हावी.

तिसरी, उचलण्याची वेळ. पिस्तूल उचलल्यापासून शॉट सुटेपर्यंत प्रत्येकाचा आपला एक ठराविक अवधी असतो. तो ओलांडून हात ताणून धरला की स्नायू थरथरू लागतात, डोळा शिणतो आणि ‘आता सोडलाच पाहिजे’ अशी घाई मनात शिरते. अशा वेळी पिस्तूल खाली घेऊन पुन्हा सुरुवात करावी, हे नेमबाजीचे प्राथमिक शिक्षण आहे. चित्रफितीवर घड्याळ लावून पाहिले तर लांबलेले शॉट आणि हुकलेले गुण यांची जोडी जमते की नाही ते स्वतःच्याच आकड्यांतून दिसते. पकड घेताना मनगट दर वेळी तसेच बसते का, ट्रिगरवर बोट केव्हा जाते, छर्रा भरताना नळी लक्ष्याच्याच दिशेने राहते का, हेही वरून स्पष्ट दिसते, कारण ही सारी कामे भिंगापासून हातभर अंतरावर घडतात आणि तिथे पिक्सेलांची चणचण नसते.

एक गोष्ट मात्र तारतम्याने वाचावी लागते. चित्रात पिस्तूल हलताना दिसले तर ते डोक्याच्या तुलनेत हलले आहे, एवढाच त्याचा अर्थ. पायापासून सारे शरीर एकत्र झुलत असेल तर डोके आणि पिस्तूल दोन्ही बरोबर हलतात. मग चित्रात पिस्तूल स्थिर राहते आणि मागची भिंत सरकते. रायफलीत गाल लाकडाला चिकटलेला असल्याने हे अधिकच खरे. शरीराचा झोल पाहायचा असेल तर बाजूला तिकाटण्यावर ठेवलेला साधा फोनही डोक्यावरच्या महागड्या कॅमेऱ्याहून सरस ठरतो.

आता बांधण्याविषयी. बाजारात तीन तऱ्हा दिसतात: कपाळाभोवतीचा लवचीक पट्टा, टोपीच्या कडेला लावायची चिमटी आणि चष्म्याच्या काडीला अडकवायचा कॅमेरा. यांतला तिसरा प्रकार नेमबाजाने टाळावा. नेमबाजीच्या चष्म्याचे भिंग दृष्टिरेषेला काटकोनात राहील असे बसवलेले असते; काडीवर वजन आले की चौकट नाकावर सरकते आणि ती जुळवणी बिघडते. कपाळाचा पट्टा घट्ट बसतो खरा, पण कर्णरक्षक घालणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. पट्टा कर्णरक्षकाच्या गादीखालून गेला तर कानाभोवतीची फट उघडी राहते आणि संरक्षण घटते. एअर पिस्तुलाच्या आवाजाला हे कदाचित चालून जाईल. पॉइंट टू टू किंवा बाराबोअरच्या बंदुकीला अजिबात चालणार नाही. तिथे कानात बोळे घालावेत किंवा पट्टा कानाच्या बराच वरून न्यावा. बहुतेक नेमबाज टोपी घालतातच. तिला चिमटी लावणे सर्वांत सोयीचे, मात्र कॅमेऱ्याच्या भाराने टोपीचा छज्जा डोळ्यावर उतरत नाही ना, हे आधी पाहावे.

भार हा शब्द इथे हलक्यात घेऊ नये. प्रचलित छोटे कॅमेरे १५० ग्रॅमच्या आसपासचे असतात. एअर पिस्तुलाची कमाल अनुज्ञेय वजनमर्यादाच दीड किलो आहे, म्हणजे तिचा दहावा हिस्सा आपण कपाळावर, मानेच्या पुढे टांगतो. मान तो भार तोलण्यासाठी नकळत मागे जाते, डोक्याचा कोन बदलतो, आणि ज्या ठेवणीचा अभ्यास करायचा तीच पालटते. म्हणून कॅमेरा रोज बांधू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. आठवड्यातून एखाद्या दिवशी वीस-तीस शॉटपुरता बांधावा, पहिले दहा शॉट डोके सरावण्यासाठी सोडून द्यावेत आणि पुढच्यांचाच विचार करावा. सामन्यात तर तो बांधायचा नाहीच. स्पर्धेदरम्यान मोबाइल फोन आणि मनगटावर बांधायची तत्सम इलेक्ट्रॉनिक साधने वापरण्यास आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनी मनाई आहे. डोक्यावर काय चालते याचीही मापे ठरलेली आहेत. नेम न धरणारा डोळा झाकायची पट्टी ३० मिलिमीटरहून रुंद असता कामा नये. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली तुर्कस्तानचा युसूफ डिकेच साधा चष्मा घालून, एक हात खिशात ठेवून मिश्र सांघिक पिस्तूल प्रकारात रौप्यपदक जिंकून गेला, तेव्हा जगाला त्याचे केवढे अप्रूप वाटले होते! डोक्यावर जितके कमी तितके बरे, असे मानणारे नेमबाज तेव्हापासून त्याचाच दाखला देत असावेत.

त्याच ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून अशा तीन स्थितींत नेम धरावा लागतो. या प्रकाराचा सराव चित्रित करणाऱ्याला कॅमेऱ्याचा कोन तिन्ही वेळा नव्याने लावावा लागतो. पालथ्या स्थितीत अनेकांचे कपाळ जमिनीकडे झुकते आणि डोळे वर रोखलेले असतात. उभ्याने लावलेला कोन तसाच ठेवला तर कॅमेरा सतरंजीचेच चित्रण करत राहतो.

कॅमेऱ्यातील मांडणीबाबत तीन सूचना. पहिली, चित्र स्थिर करणारी सुविधा बंद ठेवावी. सायकलस्वाराला तिची गरज असते. नेमबाजाला डोक्याची हालचालच पाहायची असते आणि ही सुविधा नेमकी तीच पुसून टाकते. दुसरी, दृष्टिकक्षा अरुंद आणि सरळ रेषांची निवडावी, म्हणजे कडेच्या वस्तू वाकड्या दिसत नाहीत. तिसरी प्रकाशाची. बंदिस्त रेंजवर लक्ष्यावर किमान १,५०० लक्स प्रकाश असावा लागतो आणि बाकीचे दालन त्यामानाने अंधारे असते. कॅमेऱ्यावर सोपवले तर तो अंधाराचा हिशेब करून लक्ष्य पांढरेफटक करून टाकतो. उजळपणा हाताने कमी करून तिथेच कायम करावा. आपल्याकडील वीज ५० हर्ट्‌झची असल्याने अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते आणि चित्रावर काळे पट्टे फिरू लागतात. त्यावर उपाय म्हणजे २५ किंवा ५० फ्रेमचे चित्रण. पावसाळ्यात आणखी एक ताप: बाहेरच्या दमट हवेतून वातानुकूलित दालनात आणि तिथून परत बाहेर अशा फेऱ्या झाल्या की भिंगावर वाफ धरते. सरावाआधी कॅमेरा काही वेळ दालनातच उघडा ठेवला की ती ओसरते. उन्हाळ्यात तोच कॅमेरा तापून मध्येच बंद पडतो. सव्वा तासाचा सलग सराव एका बॅटरीवर टिपण्याचा हट्ट धरू नये.

सुरक्षेचा नियम एकच, पण तो मोडण्याचा मोह दर पाच मिनिटांनी होतो. हातात शस्त्र असताना कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. लाल दिवा लागला आहे का, कोन सरकला का, असे वाटले की मोकळा हात आपसूक कपाळाकडे जातो, त्याबरोबर खांदा वळतो आणि खांद्याबरोबर नळीची दिशा. चित्रण फायरिंग लाइनवर येण्याआधी सुरू करावे आणि अखंड चालू ठेवावे. नको तो भाग नंतर कापता येतो. मध्येच काही दुरुस्त करायचे असेल तर शस्त्र रिकामे करून, नळीत भडक नारिंगी सुरक्षा-पताका घालून, खाली ठेवून मगच. ‘रेकॉर्डिंग सुरू’ असे मोठ्याने सांगून कॅमेरा चालवायची सोयही शेजारी नेम धरून उभ्या असलेल्याच्या जिवावर येते.

शेजाऱ्याचा प्रश्न इथे संपत नाही. रेंजवर शाळकरी मुले-मुली मोठ्या संख्येने असतात आणि मान वळली की त्यांचे चेहरे चित्रफितीत येतात. रेंजच्या व्यवस्थापनाची आणि शेजारच्या खेळाडूची, तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकांची, परवानगी आधी घ्यावी. शस्त्रे ठेवायची खोली, कुलपे, परवान्याचे क्रमांक चित्रात येणार नाहीत याची दक्षता घ्यावी. चित्रफीत समाजमाध्यमावर टाकायचीच असेल तर ती रेंजवरच्या सरावाची आहे हे स्पष्ट दिसावे. शस्त्रास्त्र कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर लग्नसमारंभात वा अन्यत्र आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. हातात पिस्तूल घेतलेली चित्रफीत पाहणाऱ्याला खेळाडू आणि मिरवणारा यांतला फरक सांगावा लागणार नाही, इतपत संदर्भ त्यात असला पाहिजे.

चित्रफीत पाहण्याचीही एक रीत आहे. घरी गेल्यागेल्या सारे ६० शॉट पाहू नयेत. गुणपत्रिका समोर ठेवावी, चांगले पाच आणि वाईट पाच शॉट निवडावेत, आणि दोन्हींत उचलण्याची वेळ, डोक्याची उडी आणि पडद्याकडे वळलेली मान एवढ्या तीनच गोष्टी लिहाव्यात. प्रशिक्षकाकडे न्यायचा असतो तो हा कागद. चित्रफीत त्याने मागितली तर दाखवायची.